आवाजाशी इमान

गेल्या दिवाळीत फराळाच्या निमित्ताने आम्ही एका परिचिताच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात पितळी अडकित्ता, पानाचा डबा आणि आजोबांचा चष्मा यांच्या पंक्तीला एक जुना मायक्रोकॅसेट रेकॉर्डर मांडलेला दिसला. तळहातावर मावणारा, चंदेरी, जपानी बनावटीचा, अजून लखलखीत. यजमान कौतुकाने म्हणाले, "असला नग आता मिळत नाही. पुण्याच्या एका शौकिनाने चांगली किंमत देऊ केली होती. आम्ही दिला नाही." आम्ही विचारले, "आत फीत आहे, ती कोणाची?" यजमानांनी झाकणाच्या खिडकीतून डोकावून पाहिले. आत फीत आहे हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हते.

हा लेख त्या यजमानांविरुद्ध नाही. सीमाभागातील जुन्या मराठी घरांनी यंत्रे जपली आणि आवाज गमावले, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. आणि या आरोपाच्या पिंजऱ्यात आमचे मंडळही उभे आहे.

प्रथम या यंत्राची कुळकथा. फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये आपल्या सर्वांच्या ओळखीची कॅसेट बाजारात आणली. 1969 मध्ये ऑलिंपस या जपानी कंपनीने तिची धाकटी बहीण, म्हणजे मायक्रोकॅसेट, आणली. फितीची रुंदी तीच; पण मोठ्या कॅसेटमधली फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर धावते, तर हिच्यातली 2.4, आणि बटण सरकवले की अवघी 1.2. वेग निम्म्यावर आणला की वेळ दुप्पट मिळतो आणि आवाजाचा कस उतरतो. त्यामुळे ही फीत मुख्यतः बोलण्यासाठी वापरली गेली: वकिलाचा मसुदा, डॉक्टरची टिपणे, वार्ताहराने घेतलेली मुलाखत. 1980 नंतरच्या काही वर्षांत जपानी कंपन्यांनी धातुकणांच्या फिती आणि स्टिरिओ यंत्रे काढून हिलाही 'हाय-फाय' करून पाहिले. तो व्यापार फारसा चालला नाही, कारण 1979 च्या वॉकमनने मोठ्या कॅसेटलाच फिरते केले होते. त्या प्रयोगातून उरलेली थोडकी उंची यंत्रे आज शौकिनांच्या बाजारात भाव खातात.

आमच्या माहितीतल्या घरांत हे रेकॉर्डर मुंबईच्या पाहुण्यांकडून आले, आखातातून परतलेल्या भाच्या-पुतण्यांकडून आले. त्यांच्यापुढे आपल्या वडीलधाऱ्यांनी काय बोलून ठेवले, याचा विचार करा. 17 जानेवारी 1956 रोजी बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला, ते दिवस ज्यांनी पाहिले ते बोलले. त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरची सकाळ ज्यांना आठवत होती ते बोलले. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीचा तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसला. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्या दिवसांविषयी लोक बोलले. शिवाय ज्यांना इतिहास म्हणायला आपली जीभ कचरते अशाही गोष्टी आहेत: जात्यावरच्या ओव्या, वाटणीची भांडणे, लोणच्याचे प्रमाण, आठवडी बाजारातली घासाघीस. यांतल्या पहिल्या पिढीपैकी आज किती जण आपल्यात आहेत, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते मोजावे.

कोणी म्हणेल, या फितींचा आवाज हाय-फाय नाही. खरखर फार, ऐकणार कोण? हा आक्षेप बहुधा ज्यांच्या घरी उत्तम यंत्रे आहेत तेच घेतात. हाय-फाय हे 'हाय फिडेलिटी'चे लाडके रूप. आणि फिडेलिटी म्हणजे निष्ठा, इमान. मूळ आवाजाशी जे इमान राखते ते हाय-फाय. आपल्या जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच स्वर जात असे. तरीही पलीकडून पहिला 'हॅलो' आला की आईला सर्दी झाली आहे हे आपल्याला कळे. मायक्रोकॅसेट एवढे इमान खचितच राखते. तिच्यावर सतारीची मींड नीट उतरणार नाही, हे कबूल. पण आजोबा कोणत्या नावापाशी थांबले, कोणत्या वाक्याला त्यांचा आवाज खाली आला, हे ती चोख सांगते. इमानाची कसोटी यंत्राच्या किमतीवर ठरवणारे लोक फीत आत ठेवून यंत्र कपाटात मांडतात, यात मग नवल ते काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्यासारख्या लिहित्या मंडळींकडून येतो. त्यांचे म्हणणे असे की, या मुलाखतींचे सार स्मरणिकांतून छापून आले आहे. मग फिती कशाला? याचे उत्तर देताना आम्हांला आमचाच गुन्हा सांगावा लागेल. एका स्मरणिकेसाठी आम्ही निपाणीच्या एका वृद्धेची मुलाखत घेतली होती. तिचे तरुणपण वखारीत तंबाखू चाळण्यात गेलेले. फितीवर ती म्हणते, "मी वखारीत गेलो, दिवसभर बसलो, रातच्याला घरला आलो." आपल्याकडच्या कितीतरी बायका स्वतःविषयी अशाच 'गेलो-आलो' म्हणतात. छापताना आम्ही तिला 'गेले, बसले, आले' करून टाकले. नातवाला तिने विचारलेल्या "काय करूलालास?" चे "काय करतो आहेस?" झाले. बोलण्याच्या ओघात आलेले कन्नड शब्द तर आम्ही गाळूनच टाकले.

ही काटछाट व्याकरणाच्या नावाखाली झाली. खरे कारण भीतीचे होते. सीमाप्रश्नावरच्या स्मरणिकेत मराठी बाईच्या तोंडी कन्नड शब्द दिसला तर आपली बाजू लंगडी पडेल, असे आम्हांला वाटले. केवढा हा भित्रेपणा! अण्णा, अक्का, अप्पा या हाका कन्नडशी असलेल्या शेजारातूनच आपल्या घरांत आल्या, असे अभ्यासक मानतात. त्या वगळून आपण आपल्या माणसांना हाक तरी कशी मारणार? आपला दावा आपण जी मराठी बोलतो तिच्यासाठी आहे. ती बोलीच छापखान्यात आपण पुसून टाकू लागलो, तर आपण जपतो आहोत ती भाषा नेमकी कोणाची?

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. येथल्या कृष्णराव हरिहरांवर त्यांनी लिहिलेले 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र 'गणगोत'मध्ये आहे, आणि ध्वनिमुद्रणातून ते महाराष्ट्रभर गेले. कन्नड हेलाची, शिवराळ, मायाळू बेळगावी मराठी मराठी माणसाने ऐकली ती प्रामुख्याने तेथे. पुलंचे हे ऋण मोठेच आहे. पण आपल्या बोलीचा सर्वाधिक ऐकला गेलेला नमुना एका थोर कलावंताने केलेली नक्कल असावी, आणि ती बोली जन्मभर बोललेल्या आपल्या आजी-आजोबांचे आवाज मात्र कपाटांत कुजत पडावेत, हे कोणत्या अभिमानात बसते?

इतरांनी काय केले तेही पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. नुसते शब्द लिहून घेणे पुरेसे नाही हे जाणून पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या हजारो ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आज त्या लोकांना ऐकता येतात. खुद्द निपाणीचे उदाहरण घ्या. तेथल्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने 1982 मध्ये 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्या गटाच्या चित्रपटांचे डिजिटल जतन बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेच्या साहाय्याने झाले. निपाणीच्या वखारीतल्या बाईचा आवाज बर्लिनने सांभाळला; निपाणीतच, तिच्या शेजारच्या गल्लीत, तिच्या जावेच्या आवाजाची फीत पावसाळ्यात बुरशी धरते आहे.

तिसरा आक्षेप घरगुतीपणाचा. फितींवर भाऊबंदकी आहे, उणीदुणी आहेत. ती चव्हाट्यावर कशी आणावी? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर फीत लपवण्यात नसून अटी घालण्यात आहे. फीत जतन करणे आणि ती सर्वांना ऐकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस-पंचवीस वर्षे कोणी ऐकू नये, अशी अट घालून ती उतरवून ठेवता येते. कुटुंबाला हवा तेवढाच भाग खुला करता येतो. कुजलेल्या फितीला मात्र कोणतीच अट घालता येत नाही.

चौथा आक्षेप आपला आवडता: हे काम सरकारचे आहे. कोणत्या सरकारचे? दोन राज्यांच्या दारांत आपण सत्तर वर्षे निवेदने दिली. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयाचा निकाल जेव्हा लागायचा तेव्हा लागो. फितीवरचा लेप त्याची वाट पाहत थांबणार नाही, आणि कपाट उघडायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

आता आमच्या मंडळाचे पाप. आमच्या व्याख्यानमालेचे ध्वनिमुद्रण काही वर्षे मायक्रोकॅसेटवर होत असे. फितीला पैसे पडत, वर्गणी तुटपुंजी. म्हणून एका वर्षीची फीत पुसून पुढच्या वर्षी वापरली जाई. आमच्या कपाटात एक फीत आहे. तिच्या चिठ्ठीवर तीन वक्त्यांची नावे एकाखाली एक आहेत आणि पहिली दोन खोडलेली आहेत. त्या दोघांचा आवाज आता कोठेही नाही. हे कोणी परक्याने केले नाही. आमच्याच कार्यकारिणीने, काटकसर म्हणून, ठराव करून केले.

म्हणून आता काय करावे ते सांगतो. फीत सापडली की लगेच बटण दाबू नये. तिच्या कडेची मुद्रण-खूण आधी मोडावी, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी दिसली तर जाणत्याला दाखवल्याशिवाय फीत फिरवू नये. फिलिप्सची 1967 ची मिनीकॅसेट दिसायला जवळपास अशीच असते, पण ती या यंत्रात चालत नाही. ती बळेच बसवू नये. यंत्रातला रबरी पट्टा सैल किंवा चिकट झालेला असतो. तो बदलावा, फीत ओढणारा रबरी रूळ आणि हेड साफ करावे. मोबाईल यंत्रापुढे धरून उतरवले की झाले, हा समज सोडावा. त्यात खोलीचा आवाज आणि पंख्याची घरघरच अधिक येते. यंत्रातून तारेने थेट संगणकावर, न दाबलेल्या स्वरूपात, आणि शब्दाला हात न लावता उतरवावे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 2019 मध्येच इशारा दिला होता की, 2025 च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवण्याची साधनेच दुर्मीळ होतील. ती मुदत आपल्या डोळ्यांदेखत सरली.

येथेच हाय-फाय यंत्रांच्या मालकांची गरज आहे. तुमच्या काचेच्या कपाटातला तो उंची रेकॉर्डर दुसऱ्याच्या आजीची फीत सर्वांत इमानाने वाजवू शकतो. विकू नका, फेकू नका. चार रविवार मंडळाला उसना द्या.

दिवाळीतल्या त्या यजमानांनी तो दिला. पट्टा बदलल्यावर फीत चालू केली, तर आवाज जाडा, ओढलेला, राक्षसासारखा. घरची मंडळी म्हणाली, "फीत खराब झाली." वेगाचे बटण 1.2 वर होते, 2.4 वर सरकवले आणि आजोबा बोलू लागले. जानेवारी 1956 ची हकिकत सांगत होते. मध्येच दारावर कोणी आले, आजोबा त्याच्याशी सराईत कन्नडात दोन मिनिटे तुरीच्या डाळीच्या भावावर बोलले, हसले, आणि परत येऊन म्हणाले, "हं, कुठं होतो आपण?" यजमानांच्या मुलाने हळूच विचारले, "मधला कन्नड भाग काढून टाकू या का?"

आम्ही नको म्हणालो. ती फीत जशीच्या तशी उतरवली आहे. आता तुमच्या घरातल्या फितींची वाट पाहतो.