चाब्यांचा जुडगा

बालाघाटच्या आमच्या मंडळाची वार्षिक सभा गेल्या महिन्यात झाली. हिशेब वाचून दाखविण्यात आले, गणेशोत्सवाच्या वर्गणीची शिल्लक टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली, आणि मग अध्यक्षांनी खिशातून चाब्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. (किल्लीला आमच्याकडे चाबीच म्हणतात, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी क्षमा करावी.) "सव्वीस वर्षे झाली. आता गुडघे ऐकत नाहीत. मला मोकळे करा," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली, ती आम्ही शोकसभेतही अनुभवलेली नाही. प्रत्येक जण आपापल्या चपलांकडे पाहू लागला. आम्हीही पाहिले, खोटे कशाला बोला? शेवटी मागच्या बाकावरून कुणीसे म्हणाले, "आणखी एक वर्ष काकाच राहू द्या," आणि साऱ्या सभेने सुटकेचा नि:श्वास टाकला. जुडगा पुन्हा त्यांच्या खिशात गेला. त्यातली एक चाबी कपाटाची आहे, दुसरी मखराच्या खोलीची. तिसरी कोणत्या कुलपाची, हे त्यांनाही आठवेना.

ज्या गावात मराठी घरे मोजकी आणि त्यांतली तरुण मुले नागपूर-पुण्याच्या वाटेला लागलेली, तिथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. गोंदिया येथून चाळीसएक किलोमीटरवर. महाराष्ट्र असा हाकेच्या अंतरावर आहे. पण १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली तेव्हा आम्ही रेषेच्या अलीकडे राहिलो. येथे मराठी टिकली ती शाळेने किंवा सरकारने टिकविली असे नव्हे. घराने आणि मंडळाने टिकविली. मंडळाला कुलूप लागले तर वैनगंगेत गणपती विसर्जित होतीलच, पण आरती कोणत्या भाषेत म्हटली जाईल हे आम्ही सांगू शकत नाही.

सभेची ही हकीकत आम्ही घरी सांगत असताना आमचा एक भाचा ऐकत बसला होता. तो पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. तो म्हणाला, "मामा, हे तर आमच्याकडेही रोजचं आहे. जगातली मोठमोठी सॉफ्टवेअरं अशाच मंडळांनी चालवली आहेत. आणि त्यांचेही अध्यक्ष थकतात."

आम्ही आधी हे थट्टेवारी नेले. मग त्याने रात्री उशिरापर्यंत जे सांगितले, आणि आम्ही पुढे स्वतः जे वाचून काढले, त्याने आमची थट्टा ओसरली.

संगणकास काय करावे हे सांगणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर. पुष्कळशा कंपन्या ती कुलपात ठेवतात. परंतु काही आज्ञावल्या मुक्त असतात: कुणीही वाचाव्या, सुधाराव्या, वाटाव्या. ती लिहिणारे शेकडो लोक देशोदेशी पसरलेले असतात. त्यांतले काही पगारावर असले, तरी पुष्कळ जण हौशी. कुणी कुणाचा नोकर नाही. मग हुकूम कुणाचा चालतो? नेमका हाच प्रश्न आमच्या टेबलावर पडला होता.

'पायथन' ही संगणकाची एक भाषा. केंद्रीय शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात ती शिकवितात, त्यामुळे पुष्कळ घरांतून तिचे नाव ठाऊक असेल. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती रचली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. पुढे सत्तावीस वर्षे वाद उत्पन्न झाला की शेवटचा शब्द त्यांचा. सहकाऱ्यांनी त्यांना गमतीने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' अशी पदवी दिली होती. आमच्या मंडळांतून अशी पदवी कुणी उघडपणे देत नाही, एवढाच काय तो फरक.

२०१८ च्या जुलै महिन्यात या हुकूमशहांनी राजीनामा दिला. निमित्त काय? विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यापुढे बरोबरचे चिन्ह, अशी एक नवी खूण भाषेत घ्यावी की नाही. वाद इतका चिघळला की खूण स्वीकारल्यावर त्यांनी लिहून टाकले की एका प्रस्तावासाठी एवढे भांडावे आणि इतक्या लोकांचा रोष ओढवून घ्यावा, हे आता आपल्याने होणार नाही. ज्यांनी मखराच्या रंगावरून मंडळे दुभंगलेली पाहिली आहेत, त्यांना या दोन टिंबांचे नवल वाटणार नाही.

खरी गोष्ट त्यापुढची. त्यांनी वारस नेमला नाही. तुमचे काय करावयाचे ते तुम्हीच ठरवा, असे सांगून ते बाजूला झाले. आणि गंमत अशी की कुणीही 'आणखी एक वर्ष' म्हटले नाही. एकच प्रमुख असावा, तिघांचे त्रिकूट असावे, बाहेरचे मंडळ असावे, असे एकूण सात आराखडे लिहिले गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्यांवर मतदान झाले. निवड झाली ती पाच जणांच्या परिषदेची. २०१९ च्या आरंभी पहिले पाच निवडून आले. त्यांत स्वतः व्हान रॉसमही होते. पुढच्या वेळी मात्र ते उभे राहिले नाहीत. संस्थापक म्हणून कायमची खुर्ची नाही. निवडून आले तेव्हा पाचांतले एक.

या परिषदेच्या नियमांतला एक आम्हांस फार शहाणपणाचा वाटला. पाचांपैकी दोनांहून अधिक सभासद एकाच मालकाच्या चाकरीतले असता कामा नयेत. आमच्या काही मंडळांच्या कार्यकारिणीत आडनावे मोजून पाहावीत, म्हणजे या नियमाचे मोल कळेल. दुसरे असे की परिषदेने आपले अधिकार होता होईल तो वापरूच नयेत, सर्वसंमतीने काम चालवावे, असे घटनेतच लिहिले आहे. आणि दोन तृतीयांश सदस्यांनी अविश्वास दाखविला तर अवधी संपण्यापूर्वीही परिषद जाऊ शकते.

'डेबियन' नावाच्या प्रकल्पाची रीत याहून निराळी आहे. संगणक चालविणारी संपूर्ण व्यवस्था हे लोक तयार करतात. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली तो आरंभिला आणि १९९६ साली नेतृत्व दुसऱ्याकडे सोपविले. १९९८ साली त्यांनी आपली लेखी घटना केली. तेव्हापासून दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते: एक आठवडा नावे येण्यासाठी, तीन आठवडे उमेदवारांना प्रश्न विचारण्यासाठी, दोन आठवडे मतदानासाठी. मतदार हजाराच्या आसपास. मत देताना एका नावापुढे खूण करावयाची नसते. सर्व उमेदवारांना पसंतीनुसार क्रम द्यावयाचा. मग प्रत्येक जोडीची स्वतंत्र तुलना होते, आणि समोरासमोर इतर प्रत्येकास जो मागे टाकतो तो विजयी. अठराव्या शतकातील कोंदोर्से या फ्रेंच पंडिताच्या विचारावर ही पद्धत उभी आहे. तिचा लाभ असा की दोन चांगल्या उमेदवारांत मते फुटून तिसराच निसटून निवडून येत नाही.

मतपत्रिकेवर 'यांपैकी कुणीही नाही' ही ओळ तेथे नेहमीच असते. आपल्याकडे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती मतदानयंत्रावर आली. परंतु लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत तिला सर्वांत जास्त मते पडली तरी उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो. डेबियनमध्ये ती ओळ जिंकली तर सारी निवडणूक नव्याने घ्यावी लागते. केरळच्या श्रुती चंद्रन २०२०, २०२१ आणि २०२४ साली या पदासाठी उभ्या होत्या. त्या तिन्ही वेळा पद दुसऱ्यांकडे गेले. २०२३ च्या सप्टेंबरात या मंडळींचे जागतिक संमेलन कोची येथे भरले होते.

आणि आता आमच्या सभेची सख्खी बहीण शोभावी अशी हकीकत. २०१९ च्या मार्च महिन्यात नावे देण्याची मुदत संपली आणि एकाही माणसाने नाव दिले नाही! जगभर पसरलेले हजार बुद्धिमान लोक आपापल्या चपलांकडे पाहत राहिले. फरक इतकाच, की असे झाले तर काय करावे हे घटनेत आधीच लिहिलेले होते: मुदत एक आठवडा वाढवावी, गरज पडल्यास पुन्हा वाढवावी. मुदत वाढली, नावे आली, निवडणूक झाली, सॅम हार्टमन निवडून आले. मधल्या काळात काम थांबले नाही, कारण तेथील प्रमुखाच्या खिशात साऱ्या चाब्या नसतातच. निरनिराळ्या कामांचे निरनिराळे धनी असतात.

त्यांच्या घटनेतील आणखी एक कलम आम्ही दोनदा वाचले. कुणावरही काम करण्याची सक्ती नाही. नको असेल ते काम करू नये. परंतु रीतसर झालेल्या निर्णयाच्या विरोधात मात्र काम करू नये. वर्गणी मागताना ज्यांच्या दारी आम्ही उपदेश ऐकले आहेत, त्या सर्वांस हे कलम चौकटीत बसवून भेट द्यावे असे आमच्या मनात आले.

हे सारे परक्यांचे झाले असे कुणी म्हणेल. घरचे पाहू. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे चर्चेच्या जागेस 'चावडी' म्हणतात. हा शब्द ज्यांना सुचला त्यांस आमचा नमस्कार. देखरेख करणाऱ्यांस तेथे 'प्रचालक' म्हणतात आणि त्यांच्या नावावर इतर संपादकांचा उघड कौल घेतला जातो. प्रचालकाला पान पुसण्याचा, कुलूपबंद करण्याचा, धुडगूस घालणाऱ्यास रोखण्याचा अधिकार असतो; परंतु बालाघाटविषयीच्या लेखात काय लिहावे याबाबत त्याचे मत तुमच्या-आमच्या मतापेक्षा वजनदार नसते. आणि ज्या विकिपीडियांचा स्वतःचा निराळा नियम नाही, तेथे दोन वर्षे काहीच न करणाऱ्या प्रचालकाचे अधिकार, आधी विचारणा करून, परत घेतले जातात. रागाने नव्हे, रीतीने. चाबी वापरात नसेल तर ती परत द्यावी.

साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कसा निवडावा, हा वाद तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालला. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिले संमेलन भरले. अलीकडच्या काळात हजाराच्या घरातील मतदार अध्यक्ष निवडीत. २०१८ च्या बडोदे संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे तसे निवडून आलेले. त्याच वर्षी साहित्य महामंडळाने घटना बदलली, आणि जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. म्हणजे ज्या वर्षी पायथनवाले एका माणसाकडून मतपेटीकडे गेले, त्याच वर्षी आपण मतपेटीकडून एकमताकडे आलो!

दोहोंत शहाणे कोण, असे भाच्याने विचारले. आमचे मत असे की दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, कारण पदे निराळी आहेत. संमेलनाचे अध्यक्षपद मानाचे. ज्येष्ठ साहित्यिकाने त्यासाठी दारोदार मते मागत हिंडावे हे शोभत नव्हते. पण मंडळाचे अध्यक्षपद कामाचे आहे. आमची चूक अशी होत आली की आम्ही मानाच्या रीतीने माणूस निवडतो, हार घालतो, एकमत जाहीर करतो, आणि मग तीनशे पासष्ट दिवस त्याच्याकडून काम मागतो. हार घातलेल्या माणसाला हिशेबाची वही दाखवा म्हणणेही मग उद्धटपणाचे ठरते.

एक प्रश्न मात्र सॉफ्टवेअरवाल्यांना आमच्याहून सोपा आहे, असे आम्हांस प्रथम वाटले. तेथे नेतृत्व पटले नाही तर सारी आज्ञावली उचलून वेगळी चूल मांडता येते; ती मुक्तच असते. ओपनऑफिस हे लेखनाचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर सन कंपनीच्या छायेत वाढले. २०१० च्या जानेवारीत सन कंपनी ऑरेकलने घेतली, आणि सप्टेंबरात अनेक कार्यकर्ते लिब्रेऑफिस या नावाने वेगळे निघाले. मराठीतून वापरता येणारे ते लिब्रेऑफिस आज पुष्कळांच्या संगणकावर आहे. कार्यकर्ते असे उठून जाऊ शकतात, ही जाणीव तेथील पुढाऱ्यांस नम्र ठेवते म्हणतात.

वेगळी चूल आम्हांसही अपरिचित नाही. आमच्याकडे तिला 'दुसरा गणपती बसविणे' म्हणतात. विचार करता असे दिसते की अडचण दोन्हीकडे सारखीच. आज्ञावलीची नक्कल क्षणात होते, मूर्तीही दुसरी मिळते. परंतु राबणाऱ्या हातांची नक्कल होत नाही. मोजक्या घरांतून दोन गणपती बसले की दोन्हीकडे आरतीला टाळ वाजविणारे कमी पडतात. म्हणून वेगळे होण्याची मुभा असावी, आणि तिची गरज पडू नये इतपत ऐकून घेणारी कार्यकारिणी असावी.

भाचा परत जाण्यापूर्वी आम्ही त्याला घेऊन अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी सारे शांतपणे ऐकले. "पाच जण मिळतील का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, पाच नसतील तर तीन. ग्रंथालय एकाकडे, हिशेब एकाकडे, उत्सव एकाकडे. मुदत एक वर्ष. नाव कुणी दिले नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा सभा. काकूंनी चहा आणला आणि म्हणाल्या, "हे सव्वीस वर्षांपूर्वी सुचलं असतं, तर आमच्या घरात चतुर्थीला यजमान तरी दिसले असते."

शंभर पानांची एक वही त्याच दिवशी विकत आणली. पहिल्या पानावर अध्यक्षांनी आपल्या अक्षरात कोणते सामान कुठे आहे, मांडववाला कोण, परवानगीचा अर्ज कुणाकडे द्यावयाचा, हे लिहावयास घेतले आहे. परवापर्यंत अकरा पाने झाली. ग्रंथालयासाठी बँकेत नोकरीस असलेल्या एका सूनबाईंनी नाव दिले आहे. हिशेबास अजून कुणी नाही. पुन्हा सभा पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी पाच वाजता आहे. तिसऱ्या चाबीपुढे वहीत तूर्त प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.