बॅटरीवरची निळसर पूड



दशलक्षणातली गोष्ट. पारण्याच्या दिवशी पहाटे सासूबाईंना चक्कर आली, दरदरून घाम फुटला. ह्यांनी त्यांना गाडीत बसवून सेल्फ मारला, तर नुसतं टक-टक-टक. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, इंजिन काही चालू होईना. शेवटी शेजारच्या भावजींना उठवलं आणि त्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. साखर उतरली होती. संध्याकाळी घरी आलो, आता त्या छान आहेत. पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी, कुठे मोरचुदासारखी निळसर पूड साठलेली. मला ती नवी नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मीच ती ओल्या फडक्याने पुसून काढली होती आणि काय स्वच्छ केलं म्हणून खूश झाले होते. (त्या फडक्याला पुढे भोकं पडली, तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.)

आपलं इथेच चुकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ही पूड म्हणजे धूळ नव्हे. बॅटरीत पाणी मिसळलेलं गंधकाचं आम्ल असतं. चार्ज होताना वायू सुटतात, त्यांच्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार झाकणांच्या छिद्रांतून बाहेर येतात आणि टर्मिनलवर बसतात. शिशावर पांढरा थर धरतो. वायरच्या तांब्याला आम्ल लागलं की निळा, म्हणजे खरोखरच मोरचूद! हा थर टर्मिनल आणि क्लॅम्पच्या मध्ये शिरला की वीज अडते. दिव्याला थोडी वीज पुरते, सेल्फला एकदम भरपूर लागते, म्हणून टक-टक.

थोडीशी पूड वर्षानुवर्षांत कुठल्याही बॅटरीवर येते. पुसल्यावर दोन महिन्यांत परत आली, तर आम्ल जास्त बाहेर येतंय. का, ते शोधायला हवं. अल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त चार्ज करत असेल, हातोडीने ठोकून बसवलेल्या क्लॅम्पमुळे टर्मिनलच्या बुडाशी चीर गेली असेल, किंवा पाणी जास्त भरलं असेल.

मेस्त्रींनी मीटर लावला. इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक. चीरही नव्हती. मग त्यांनी झाकणं उघडून विचारलं, "वहिनी, पाणी कोणी भरलं?"

मीच भरलं होतं. सारखं बघायला नको म्हणून वरच्या खुणेच्याही वर, अगदी काठोकाठ. बॅटरी तापली की आतलं पाणी फुगतं आणि आम्लासकट बाहेर येतं. वर डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून मी घरचं उकळून गाळलेलं पाणी घातलं होतं. आपल्या दृष्टीने याहून शुद्ध काय असणार? पण गळण्यातून जीवजंतू अडतात, क्षार नाही. ते क्षार आतल्या प्लेटांना बाधतात.

ग्रुपवर येतं तसं गरम पाणी किंवा कोल्ड्रिंक ओतून पूड जाते, कारण जात नाही. मेस्त्रींनी आधी निगेटिव्ह वायर सोडली, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासलं, झाकणं घट्ट लावूनच, कारण सोडा आत गेला तर आम्ल मारतो. धुऊन, कोरडं करून आधी पॉझिटिव्ह जोडली, शेवटी निगेटिव्ह, आणि वरून पेट्रोलियम जेली. हातमोजे आणि चष्मा घालून हे आपणही करू शकतो. मला अजून धीर होत नाही, ते सोडा.

ह्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. सासूबाई मात्र हसून म्हणाल्या, "भांडं काठोकाठ भरायची तुझी सवय जुनीच आहे." इन्व्हर्टरच्या बॅटरीतही मी तसंच भरलं होतं. काल जाऊन पाहिलं, तिथेही पांढरं धरायला लागलंय. उद्या मेस्त्री येणार आहेत.