ढोली लावता येत नाही

मृग लागला की आपल्याकडे वृक्षारोपणाचे सोहळे सुरू होतात. हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात, चार गुलमोहर खड्ड्यांत उभे राहतात आणि भाषणात एक वाक्य हमखास येते : हे सारे पुढच्या पिढ्यांसाठी. या वाक्यास आमची हरकत आहे. झाड लावण्याला विरोध करण्याइतके आम्ही अरसिक नाही. परंतु लावलेले रोप ही तोडलेल्या जंगलाची भरपाई होय, अशी जी समजूत या सोहळ्यांतून रुजते, ती खोटी आहे. २ जुलै २०१७ रोजी आपल्या राज्याने नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे जाहीर केले. आकडा खरा धरला तरी त्या सहा कोटींत ढोली एकही नव्हती.

ढोलीचे महत्त्व समजण्यासाठी रानपिंगळ्याकडे वळावे लागते. आपल्या अंगणातल्या पिंगळ्याचा हा रानातला भाऊबंद. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. खानदेशातून काही नमुने गोळा झाले आणि १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. मध्यंतरी मायनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीस तो मिळवल्याची चिठ्ठी एका नमुन्यावर होती. ती चिठ्ठी बनावट निघाली. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याने त्यावर स्वतःचे नाव चढवले होते! एका लबाडीने अभ्यासकांना किती वर्षे भलत्या दिशेला धाडले, याचा हिशेब कोणी करावा? अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा, निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. पुढील सर्वेक्षणांत तळोदा, तोरणमाळ, मेळघाट, आणि आपल्या जिल्ह्यातील खकनारच्या जंगलातही त्याची नोंद झाली.

हा पक्षी दिवसा शिकार करतो. सरडे, उंदीर, मोठे कीटक हे त्याचे खाद्य. घरटे मात्र त्याला बांधता येत नाही; जुन्या झाडाची नैसर्गिक ढोली किंवा सुतारपक्ष्याने कोरून सोडलेले भोक, यांवाचून त्याची वीण होत नाही. अशी ढोली पडायला झाडाचे वय व्हावे लागते, फांदी मोडावी लागते, गाभा कुजावा लागतो. ज्याला आपले व्यवहारी लोक ‘पोकळ, निरुपयोगी’ म्हणतात आणि सरपणासाठी प्रथम ज्यावर कुऱ्हाड चालवतात, तेच झाड या पक्ष्याचे सूतिकागृह. आज लावलेल्या रोपात ढोली व्हायची तर आपल्या नातवंडांचेही केस पिकलेले असतील.

यावर आमच्याच घराघरांतून एक उत्तर ऐकू येते : आपण दक्षिणेतून येथे आलेली माणसे, आपला संबंध वाड्याशी, देवळाशी, केळीच्या बागेशी. जंगल कोरकूंचे आणि वनखात्याचे. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, त्याला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. इतक्या काळानंतरही आपण पाहुणेच आहोत काय? खानदेश, वऱ्हाड आणि निमाड असा ज्याचा सातपुड्यातला संसार, त्या पक्ष्याचा नकाशा आणि आपल्या सोयरिकींचा नकाशा बहुतांशी एकच आहे. पाहुण्यांना आपण मोठ्या अभिमानाने कुंडी भंडारा दाखवायला नेतो. सतराव्या शतकाच्या आरंभी खोदलेल्या त्या भुयारांत पाणी येते ते सातपुड्याच्या उतारांवरून जमिनीत मुरून. कुंडी आपली आणि डोंगर परका, ही वाटणी आम्हांस उमगत नाही.

दुसरे उत्तर याहून वाईट : जंगल आदिवासीच तोडतात, आपण काय करणार? २०२२ च्या अखेरीपासून नेपानगरकडील नावरा वनपरिक्षेत्रात अतिक्रमणासाठी बेसुमार तोड झाली, वनचौकीवर हल्ला होऊन बंदुका लुटल्या गेल्या. हे घडले. परंतु त्याच तोडीविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयापुढे ठाण मांडून बसले ते आदिवासीच होते. त्या धरण्यात आपल्यापैकी किती जण दिसले? आणि कुऱ्हाडीचा इतिहास २०२२ मध्ये सुरू होत नाही. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेल्या नेपा कारखान्यात याच रानातली सलई आणि बांबू शिजून देशाच्या वर्तमानपत्रांचा कागद होत असे. त्या तोडीला कोणी अतिक्रमण म्हटले नाही. तो विकास होता.

२०१८ मध्ये रानपिंगळ्याला जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणण्यात आले. काहींनी ही सुवार्ता मानली. तो अधिक ठिकाणी सापडला, एवढाच तिचा अर्थ. त्याच्या ढोल्या वाढल्या असे त्यातून निघत नाही. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. खकनारच्या रानात वाघाच्या नावाने येणारा पैसाही नाही आणि पर्यटकही नाहीत.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. या जंगलाची कार्ययोजना वनखाते ठराविक वर्षांनी नव्याने करते. तिच्यात ढोलीची झाडे मोजून, खूण करून, तोडीतून वगळावीत, अशी लेखी मागणी आपल्या मंडळाने करावी. मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांची शेते रानाला लागून आहेत, त्यांनी बांधावरचा म्हातारा मोह, अंजन, सलई वाळली तरी उभी ठेवावी आणि होळीसाठी ओंडका देताना तो आतून पोकळ आहे काय, एवढे पाहावे. आणि येत्या मृगात रोपे लावण्याचे निमंत्रण आले, तर यजमानांस आधी विचारावे, की गेल्या वर्षी या तालुक्यात जुनी झाडे किती पडली.