राखणदाराच्या घरचा पाहुणा

आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस. त्याच तिथीला अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावांत महादेव कोळी समाज वाघबारस पाळतो. वाघोबाला शेंदूर लागतो, नैवेद्य होतो, गुरंढोरं सांभाळ म्हणून साकडं घातलं जातं. ज्याच्याशी वैर त्याचीच पूजा, कारण डोंगर दोघांचाही आहे. शहरातली दिवाळी त्या डोंगराला ओळखते ती सुटीतल्या सहलीपुरती. फराळाचे डबे, गाडी, एखादा गड, फोटो आणि परत. त्यात वाईट काही नाही. (गडावर चिवड्याची रिकामी पाकिटं टाकून येणाऱ्यांबद्दल मात्र असं म्हणणार नाही.) पण अशा सहलीत त्या जागेची राखण करणारा माणूस आपल्याला भेटतच नाही. यंदाचा अंक काढला आहे तो त्या माणसासाठी.

आणि तो कुठे भेटतो, असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव वेळासचं घेईन.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. हिवाळ्यात रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण इथल्या पुळणीवर चढते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांकडे पुन्हा बघायला ती येत नाही. पूर्वी सकाळी तिच्या मागावर माणसं तरी यायची, नाहीतर कुत्री आणि कोल्हे. अंडी खाल्ली जायची, विकलीही जायची. कायद्याने हे बंद होतं; पण पहाटे तीन वाजता पुळणीवर कायदा हजर नसतो.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 2002च्या सुमारास इथे काम सुरू केलं तेव्हा राखणीला गावातलीच माणसं घेतली. माग ओळखणारी नजर त्यांच्याकडे होतीच. अंडी अलगद उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, पन्नासेक दिवस वाट पाहायची, दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची. पुढची चाल त्याहून हुशारीची. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोकांना बोलवायचं, आणि उतरवायचं गावकऱ्यांच्याच घरी. हाच तो कासव महोत्सव. पाहुण्याचा पैसा गस्तीला उठणाऱ्यांच्या वाडीतच राहू लागला, आणि अंड्यापेक्षा पिल्लाचं मोल जास्त झालं. कुणी याला धंदा म्हणेल. खुशाल म्हणावं. माझ्या मते पाहुण्याला ओटीवर बसवून आपल्या पुळणीबद्दल सांगणारा गावकरी निसर्गशिक्षणाच्या दहा शिबिरांना भारी आहे.

याउलट कासच्या पठारावर फुलं वाचवायला कुंपण घातलं गेलं. हेतू चांगला, गर्दीही बेसुमार. पण गुरांचा आणि वन्यप्राण्यांचा वावर थांबला, गवत माजलं आणि फुलं मागे हटली, अशी तक्रार होऊ लागली. शेवटी कुंपण काढावं लागलं. माणूस आणि त्याची गुरं वगळून जागा जपता येते, ही समजूत आपल्याकडे अजून फार पक्की आहे. पठार मात्र चरणाऱ्या तोंडांना सरावलेलं होतं.

वेळासने सगळे प्रश्न सुटले असंही नाही. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्याच जास्त निपजतात, फारच तापली तर अंडी वायाच जातात. याला गावाची गस्त काय करणार? शिवाय कासविणीला तालुक्याची हद्द ठाऊक नसते. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी 2025च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. मादी आपल्याच किनाऱ्याकडे परतते असं आपण ऐकत आलो. हिने पूर्व किनाराही आपला मानला आणि पश्चिमही. म्हणजे गुहागरात पहाटे उठणारा माणूस ओडिशाचीही राखण करत असतो, आणि तिकडचा आपली.

या अंकासाठी लेखकांना एकच अट घातली होती: जागेचं वर्णन नंतर, आधी तिथे कोण राखण करतं ते लिहा. ही अट काहींना जाचली. निसर्गाबद्दल लिहिताना माणूस मध्ये आला की आपली शैली अडखळते, हा अनुभव नवा नाही.

अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कोकणात माद्यांचा हंगाम तोंडावर आलेला असेल. पिल्लं पाहायची तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा. जाण्याआधी गावात फोन करा, किनाऱ्यावर विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवा, दोरीच्या अलीकडे उभे राहा. टोपलीखाली त्या दिवशी पिल्लू असेलच, याची हमी वेळासमध्ये कुणी देत नाही. जेवण मात्र वेळेवर वाढतात.