नापास गाडीचं दान : देताना आणि घेताना



'धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत' ही म्हण आपण वर्गात शिकवतो. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, असा तिचा अर्थ सांगतो. म्हण चांगली आहे, पण ती घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्यानं मात्र दात मोजूनच गाय द्यायला हवी. हे आपण मुलांना फारसं सांगत नाही आणि स्वतःही विसरतो.

हा विषय आज घेण्याचं कारण म्हणजे जुन्या गाड्या. घरात पंधरा-सोळा वर्षांची गाडी असते. पीयूसीला नेली की ती नापास होते. मेकॅनिक खर्चाचा मोठा आकडा सांगतो. विकायला काढली तर गिऱ्हाईक येत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "एखाद्या संस्थेला देऊन टाकू. त्यांच्या उपयोगी पडेल, आपल्यालाही पुण्य." संस्था म्हणजे आश्रमशाळा, वृद्धाश्रम, बालगृह किंवा आपली शाळा. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरी माझं मत स्पष्ट आहे. पीयूसीत नापास झालेली गाडी चालवण्यासाठी म्हणून कुणालाही दान देऊ नये, आणि कुणी देऊ केली तर संस्थेनं ती घेऊ नये. अशा गाडीतूनही चांगलं दान होऊ शकतं, पण त्याची रीत वेगळी आहे.

नापास म्हणजे नेमकं काय?

पीयूसीच्या केंद्रात पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, मोजतात. डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजतात. बीएस-४ पेट्रोल कारसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, तर बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना ती ०.५ टक्के आहे. म्हणजे जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे सूट आधीच दिलेली आहे. ती सूट धरूनही गाडी नापास होत असेल, तर ती सोडते तो धूर नियमाच्याच नव्हे, तर तिच्या स्वतःच्या मूळ क्षमतेच्याही बाहेर गेलेला असतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. पहिलीतलं मूल उभं राहिलं की त्याचं नाक आपल्या नाकापेक्षा सायलेन्सरच्या बरंच जवळ असतं. शाळा सुटताना फाटकाजवळ इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाडीच्या मागे मुलांची रांग कशी उभी असते, ते आपण रोज बघतो. तिथे नापास गाडी उभी करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

प्रत्येक नापास सारखा नसतो

मूल चाचणीत नापास झालं की आपण आधी कारण शोधतो. गाडीचंही तसंच आहे. कधी एअर फिल्टर चोंदलेला असतो, स्पार्क प्लग खराब असतो किंवा इंधनाचं मिश्रण बिघडलेलं असतं. सर्व्हिसिंग केलं की अशी गाडी पुढच्या तपासणीत पास होते. २०२१ पासून केंद्र सरकारनं देशभर पीयूसीचा एकच नमुना आणला. त्यात गाडी नापास झाली तर नाकारल्याची चिठ्ठी देण्याची सोय आहे. ती चिठ्ठी मेकॅनिककडे नेऊन दुरुस्ती करून घ्यावी, किंवा यंत्राबद्दल शंका असेल तर दुसऱ्या केंद्रात तपासून घ्यावी.

पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, ऑइल जळून निळा धूर येत असेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला असेल, तर दुखणं मोठं आहे. जी दुरुस्ती मालकाला परवडत नाही, ती संस्थेला कुठून परवडणार? नेमका हाच प्रश्न दान देताना विचारला जात नाही.

कागदपत्रांची बाजू

गाडी दान दिली म्हणजे नुसती चावी हातात ठेवली असं होत नाही. आरटीओत नाव बदलावं लागतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात, चालू विमा लागतो आणि चालू पीयूसीही लागते. म्हणजे नापास गाडी रीतसर संस्थेच्या नावावर करायची वाटच तिथे अडते. मग बरेचदा काय होतं? "नाव नंतर बदलू, तुम्ही वापरायला घ्या" असं ठरतं आणि ते 'नंतर' येतच नाही.

हे दोघांनाही धोक्याचं आहे. नोंदणी ज्याच्या नावावर असते, तोच कायद्याच्या नजरेत मालक. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असताना अपघात झाला, तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. प्रदूषणाचा नियम मोडून गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. ते लायसन्स कोणाचं? संस्थेत कमी पगारावर काम करणाऱ्या ड्रायव्हरदादांचं.

काहींना वाटतं, दानामुळे आयकरात सूट मिळेल. तीही नाही. आयकरातली दानाची वजावट पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या दानाला नाही.

शाळेसाठी तर आणखी एक गोष्ट. मुलांची ने-आण करायची म्हटली की घरगुती गाडी चालत नाही. परमिट, फिटनेस आणि स्कूल बसचे नियम येतात. महाराष्ट्रात त्यासाठी २०११ चे वेगळे नियम आहेत आणि शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. त्यामुळे "शाळेला एक गाडी दिली" हे वाक्य जितकं सोपं वाटतं, तितकं ते सोपं नाही.

नाही म्हणता येत नाही, ही खरी अडचण

एका पालकसभेत अशी सूचना आली होती. एका पालकांनी उभं राहून सांगितलं, "आमची जुनी व्हॅन शाळेला देतो. थोडं काम निघालंय, पण शाळा करून घेईल." टाळ्या झाल्या. टाळ्या वाजल्यावर "पीयूसी आहे का हो?" असं विचारणं किती कठीण असतं, ते तिथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला कळलं असेल. शेवटी बाईंनी सभेनंतर त्यांना बाजूला घेऊन नीट समजावलं. त्यांनीही ते समजून घेतलं. पण सगळीकडे असं होत नाही. उद्याच्या धान्यासाठी, वह्यांसाठी, छपराच्या पत्र्यासाठी त्याच दात्याकडे जायचं असतं, म्हणून संस्था गाडी ठेवून घेते. मग ती गाडी आवारात झाडाखाली उभी राहते. टायर बसतात, आत मांजरं वितात, पत्रा गंजतो आणि लपाछपी खेळणाऱ्या मुलांचे हात कापतात. किंवा ती चालते, आणि दर महिन्याला मुलांच्या दुधाचे पैसे डिझेल आणि मेकॅनिककडे जातात.

"नसल्यापेक्षा बरी" असंही कुणी म्हणेल. हा मुद्दा मी हलका मानत नाही. पाड्यावरच्या संस्थेला रात्री एखाद्या आजारी मुलाला तालुक्याला न्यायचं असेल, तर धुराची गाडीसुद्धा देवासारखी वाटेल. पण अशा संस्थेला तर भरवशाची गाडी हवी. रस्त्यात बंद पडणारी गाडी तिथे सगळ्यात धोक्याची. खरंच त्यांची अडचण दूर करायची असेल, तर आधी आपल्या खर्चानं दुरुस्ती करा, पीयूसी पास करून घ्या, विमा भरा, नाव बदलून द्या आणि मग चावी द्या. हे सगळं केलेली जुनी गाडी हे उत्तम दान आहे.

अमेरिकेत कसं चालतं?

गाडी दान करण्याची कल्पना अनेकांना अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कळते. तिथे ती पद्धत खूप रुळलेली आहे. पण तिथे काय होतं ते नीट बघू. संस्था सहसा ती गाडी स्वतः वापरत बसत नाही. गाडी लिलावात किंवा भंगारात विकली जाते आणि येणारा पैसा संस्थेच्या कामाला लागतो. दात्याला कर सवलत मिळते, पण २००५ पासून ती ५०० डॉलरच्या वर मागायची असेल, तर साधारणपणे गाडी प्रत्यक्ष जितक्याला विकली गेली तितकीच धरतात. त्यामुळे खटारा गाडीची कागदावर मोठी किंमत दाखवण्याला आळा बसला. कॅलिफोर्नियात बहुतेक जुन्या गाड्यांची दर दोन वर्षांनी धुराची तपासणी, म्हणजे 'स्मॉग चेक', होते. तिथे नापास गाडी कायमची रस्त्यावरून काढून टाकणाऱ्या पात्र मालकाला सरकारी योजनेतून पैसेही मिळतात.

यातलं घेण्यासारखं एवढंच, की संस्थेपर्यंत पैसा पोहोचावा, धूर पोहोचू नये.

आपल्याकडे काय करता येईल?

हे आपल्याकडेही शक्य आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण सुरू झालं. त्यानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं. नवी खासगी गाडी घेताना ते दाखवलं, तर राज्याच्या वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. भंगाराची किंमत गाडीचं वजन आणि धातूचा भाव यावर ठरते. धोरण आलं तेव्हा, नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के रक्कम मिळेल, असं सांगितलं गेलं होतं. म्हणजे पाच लाखांच्या गाडीमागे वीस ते तीस हजार. एवढ्या पैशांत आपल्या शाळेत काय काय होतं, ते मी शिक्षकांना सांगायला नको. वर्गवाचनालय होतं, पाण्याचा फिल्टर बसतो, दोन-तीन मुलांच्या पासाचा वर्षभराचा खर्च निघतो. आणि पैसा दिला, तर वजावटीसाठी पात्र असलेल्या संस्थेची पावतीही मिळते.

दुसरा एक मार्ग मला फार आवडतो. जवळच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स असेल, तर तिथे विचारा. नोंदणी रीतसर रद्द करून ती गाडी उघडून बघण्यासाठी, इंजिन खोलून जोडण्यासाठी मुलांना देता येईल. रस्त्यावर निकामी ठरलेली गाडी वर्कशॉपमध्ये अनेक वर्षं शिकवत राहील.

आणि आपला वर्ग?

नचिकेताची गोष्ट आपल्याला माहीत आहे. वडील यज्ञात गाई दान करत होते, पण त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या होत्या. लहानग्या मुलाला ते खटकलं. "बाबा, मला कुणाला देणार?" असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं आणि वडील चिडले. आपण ही गोष्ट बहुतेक वेळा यमाच्या दारापासून सुरू करतो. पण गोष्टीचं मूळ त्या गाईंत आहे. देणं म्हणजे नको ते टाकणं नव्हे, हे एका मुलाच्या आधी लक्षात आलं.

आपल्या शाळांमध्येही 'मदत पेटी' असते. त्यात सुकलेली स्केचपेनं येतात, पानं फाटलेल्या वह्या येतात, एकाच पायाचा बूट येतो. मुलं ते घरातून बघूनच शिकतात. माझी शिक्षकांना एक सूचना आहे. पेटीवर एकच प्रश्न लिहून लावा : 'ही वस्तू मी उद्या स्वतः वापरीन का?' आठवडाभरात पेटीत येणाऱ्या वस्तू कमी होतील, पण ज्या येतील त्या कुणाच्या तरी हातात टिकतील. पालकांनी हाच प्रश्न गाडीला लावून बघावा. ज्या गाडीत आपण आपल्या मुलाला बसवणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलासाठी देऊ नये.

आणि संस्था चालवणाऱ्यांनी, मुख्याध्यापकांनी संकोच सोडावा. "दान घेताना पीयूसी, विमा आणि नावबदल पूर्ण असल्याशिवाय वाहन स्वीकारले जाणार नाही" असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत एकदा करून ठेवला, की प्रत्येक वेळी कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. कागद दाखवता येतो. देणाराही दुखावत नाही.

तुमच्या शाळेत असा काही नियम आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.