उंबरठ्यावरचे मनःस्वास्थ्य

मानसिक आणीबाणी, म्हणजे मनाच्या असह्य ताणामुळे जिवाला तातडीचा धोका निर्माण होण्याची अवस्था, बहुधा रुग्णालयापासून दूर, घरात किंवा शेतावर उद्भवते. म्हणूनच २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी आखलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त घरोघरी जाणाऱ्या आशा स्वयंसेविकेवर ताणग्रस्त शेतकरी ओळखण्याची जबाबदारी सोपवली गेली, हे योग्यच झाले. झोप लागते का, जेवण जाते का, असे विचारता विचारता जगणे नकोसे वाटते का, हेही तिने थेट विचारावे, कारण अशा प्रश्नाने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही, असे संशोधन सांगते. कीटकनाशकाचा डबा कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे, हे या कामातील सर्वांत साधे, पण जीव वाचवणारे पाऊल होय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, विपरीत सिद्ध न झाल्यास, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही. तरीही पोलीस चौकशीच्या धास्तीने अनेक कुटुंबे गप्प राहतात, ही वेदनादायक बाब आहे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे, मात्र प्रत्यक्ष ताणग्रस्त शेतकऱ्याच्या घरी जाऊन बसणाऱ्या आशाताईला पुरेसे मानधन, सोबत आणि तिच्या स्वतःच्या मनावरील भारासाठी समुपदेशन मिळणे तितकेच निकडीचे आहे.