मनगट बोलतंय, पण ऐकतंय कोण?

तुमच्या हातातलं स्मार्टवॉच पावलं मोजतं ते हालचालीवरून. त्यातला अ‍ॅक्सिलरोमीटर वेगातला बदल टिपतो आणि जायरोस्कोप हात किती वळला ते. पण हात जागचा न हलवता तुम्ही दोन बोटं जुळवलीत, तर? ते घड्याळापेक्षा स्नायूंना जास्त नीट कळतं. मेंदूचा हुकूम आला की स्नायूंत विजेचे बारीक तरंग उठतात. ते त्वचेवरून टिपण्याचं तंत्र म्हणजे ईएमजी.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मेटा’ने अमेरिकेत असाच मनगटी पट्टा स्मार्ट चष्म्यासोबत विकायला काढला. बोटांच्या इशाऱ्यावर चष्म्यातला पडदा चालतो. भारी आहे ना? हात गमावलेल्यांना तर हे तंत्र कधीपासून साथ देतंय. उरलेल्या स्नायूंच्या इशाऱ्यावर त्यांचा कृत्रिम हात उघडतो, मिटतो.

मेख पुढे आहे. स्नायू थकलेत का, हात थरथरतोय का, हेही याच तरंगांतून कळू शकतं. म्हणजे हा नुसता रिमोट नाही, तुमच्या तब्येतीची नोंदवही आहे. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो, पण ‘संवेदनशील डेटा’ असा वेगळा वर्ग त्यात नाही. तब्येतीची माहिती आणि ईमेलचा पत्ता, दोन्ही जवळपास एकाच मापात!

म्हणून असं काही मनगटावर बांधण्याआधी दोन गोष्टी बघा. तरंग पट्ट्यातच वाचले जातात की कंपनीच्या सर्व्हरवर जातात? आणि ते पुसता येतात का? ‘आय अ‍ॅग्री’ त्यानंतर.